जपानी एन गेज लेआउट करताना या चुका टाळा

ज्या जपानी लेआउटसमोर, म्हणजे एन गेजच्या (९ मिमी रुंदीच्या रुळांच्या) मॉडेल रेल्वेच्या देखाव्यासमोर, आपण खिळून उभे राहतो, त्यावर वस्तूंची गर्दी क्वचितच असते. एक ठिकाण आणि एक ऋतू ठरवायचा, आणि तिथे त्या दिवसांत खरोखर जे दिसतं तेवढंच मांडायचं, हे तिथल्या उत्तम कामाचं बळ आहे. म्हणून सगळ्यात मोठी चूक रूळ टाकण्याआधीच होते. साकुरा (चेरीचा बहर), तोरी (देवळाची कमान), शिंकानसेन (बुलेट ट्रेन) आणि लाल मेपल आवडले म्हणून चारही एका फळीवर येतात, आणि मग कितीही बारीक काम केलं तरी ते दुकानाच्या काचेतल्या मांडणीसारखं दिसतं.

आधी मार्ग ठरवा

नवख्यांना बिगरविद्युत एकेरी ग्रामीण मार्ग सोपा जातो. फुकुशिमातल्या आइझु-वाकामात्सुपासून निइगातातल्या कोइदेपर्यंत जाणारी तादामी लाइन हे उत्तम उदाहरण. ओव्हरहेड वायर नाही, गाडी दोन डब्यांची, आणि एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर. तिथल्या किहा ४० या डिझेल गाडीचा डबा २१.३ मीटर लांब, म्हणजे १:१५० प्रमाणात १४२ मिमी. दोन डबे २९ सेंमीत मावतात, त्यामुळे ३२ सेंमीचा फलाट खरा वाटतो. याउलट १६ डब्यांची शिंकानसेन सुमारे ४०० मीटर असते, म्हणजे मॉडेलमध्ये अडीच मीटर. ६ फूट × ३ फुटांच्या फळीवर तिचं पुढचं टोक एका वळणात आणि शेपूट दुसऱ्या वळणात राहतं.

मार्ग ठरला की सालही ठरवा. तादामी लाइनवरून किहा ४० गाड्या २०२० मध्ये गेल्या. आइझु-कावागुची ते तादामी हा टप्पा २०११ च्या पुरानंतर बंद होता आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये उघडला. म्हणजे त्या टप्प्यातलं स्टेशन करून त्यात किहा ४० उभी केली, तर देखावा २०११ च्या आधीचाच हवा. घरंही त्याच मुलखातली घ्या. आइझु हा भरपूर बर्फाचा प्रदेश. तिथे उतरती पत्र्याची छपरं दिसतात, जुन्या गवताच्या छपरांवरही पत्रा चढवलेला असतो. क्योतोची कौलारू घरं तिथे परकी वाटतात.

प्रमाणाची गफलत

जपानी एन गेज १:१५०, पण शिंकानसेन १:१६०. कारण रूळ दोघांनाही ९ मिमीचेच. शिंकानसेनचा खरा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिमी, तो १:१६० मध्ये बरोबर ९ मिमी येतो. बाकीच्या बहुतेक मार्गांचा गेज १०६७ मिमी, १:१५० मध्ये तो ७.१ मिमी यायला हवा. म्हणून साध्या गाड्या किंचित फेंगड्या उभ्या राहतात. हे मान्य करूनच पुढे जायचं.

टाळता येण्याजोगी चूक माणसांची आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या आर्किटेक्चर मॉडेलच्या पुतळ्यांत १:१००, १:८७ आणि १:१५० सगळे सारखेच दिसतात. १६५ सेंमीचा माणूस १:१५० मध्ये ११ मिमी येतो, १:८७ मध्ये १९ मिमी. पट्टी लावून मोजा. वेंडिंग मशीन १२ मिमीच्या वर जाऊ नये. गल्लीतला ४ मीटरचा रस्ता २७ मिमी भरतो. बहुतेकजण तो दुप्पट रुंद करतात आणि जपानी वस्तीची दाटी तिथेच हरवते. झाडं मात्र उलट, नेहमी बुटकी पडतात. २० मीटरचा सुगी, म्हणजे जपानी देवदार, १३ सेंमी उंच हवा, आणि लागवडीचा असल्यामुळे गर्द हिरव्या, दाट रांगांत हवा.

भातशेती आणि ऋतू

कोकणातल्या माणसाला खाचर, आवण, बांध हे सगळं ओळखीचं आहे, म्हणून इथे अंदाजाने काम होतं आणि चुकतं. जपानमध्ये लावणी यंत्राने होते. रांगा दोरी लावल्यासारख्या सरळ, दोन रांगांमध्ये ३० सेंमी, म्हणजे मॉडेलमध्ये २ मिमी. यंत्र वळायची टोकाची पट्टी शेवटी आडवी लावली जाते. तेवढं दाखवलं तरी जाणकार थांबून बघतो.

जमीन एकत्रीकरणानंतरचं ठरावीक खाचर ३० × १०० मीटर असतं, म्हणजे २० × ६७ सेंमी. ते सबंध दाखवायला गेलात तर ६ फुटी फळीची एक तृतीयांशाहून जास्त लांबी त्यातच जाते. खाचर फळीच्या कडेला मधेच कापा, किंवा डोंगराच्या कुशीतली वाकडीतिकडी लहान खाचरं घ्या. पाच सेंमीचे नीटस चौकोन करू नका, ते खऱ्यात साडेसात मीटरचे होतात. बांधही २–३ मिमीच ठेवा.

पाण्याचा क्रम असा: तळ स्पिरिट लेव्हलने समपातळीत आणा, गडद चिखली रंग द्या, बांधाच्या सांध्यांवर पातळ फेविकॉलचे दोन हात द्या, रोपं लावा, आणि मग पाणी, म्हणजे पाण्यासारखं दिसणारं पारदर्शक रेझिन किंवा मीडियम, ओता. सांधा बंद नसेल तर रेझिन रात्रभर झिरपून रुळाखाली जातं. दाट रेझिन एकदम ओतलं तर ते रोपांवरून वर चढतं आणि प्रत्येक काडीभोवती चकचकीत कोन तयार होतो. म्हणून रोपं असतील तिथे ग्लॉस अ‍ॅक्रिलिक मीडियमचे पातळ थर द्या, प्रत्येक थर पूर्ण पारदर्शक झाल्यावरच पुढचा. इपॉक्सी रेझिन नदीसाठी ठेवा, तीही एका वेळी २–३ मिमी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात इपॉक्सी ओतू नका. दमट हवेत पृष्ठभाग दुधी आणि चिकट राहतो.

ऋतू जुळवताना एवढं लक्षात असू द्या: तोकियोत साकुरा मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला फुलतो, आइझुत एप्रिलच्या उत्तरार्धात. तिथली लावणी मे महिन्यात. म्हणून फुललेल्या साकुराखाली वाढलेलं हिरवं भात चुकीचं. पिवळं भात हवं असेल तर सप्टेंबर धरा आणि बांधाच्या कडेला हिगानबानाची लाल फुलं ठिपक्यांनी लावा. तेव्हा मेपल अजून हिरवाच असतो.

खडी

रुळाखालची खडी खऱ्यात साधारण २० ते ६० मिमीची. १:१५० मध्ये सगळ्यात मोठा खडाही ०.४ मिमी. एचओ या मोठ्या, १:८७ प्रमाणासाठीची खडी टाकली की स्लीपरमध्ये दगडगोटे पडल्यासारखे दिसतात.

खडी कोरडी पसरा, मऊ ब्रशने स्लीपरवरून झाडा, मग साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून बारीक फवारा मारा. खडी पूर्ण भिजल्यावरच फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून ड्रॉपरने सोडा, आणि २४ तास हात लावू नका. थेंब गोळी होऊन घरंगळतो आणि खड्डे पडतात, ते लिक्विड विसरल्यामुळे. सांध्यांवर, म्हणजे रूळ बदलणाऱ्या पॉइंटवर, गोंदाचं पाणी अजिबात नको. ते पात्यांखाली शिरतं आणि पॉइंट कायमचा जाम होतो. तिथे खडीऐवजी रंगाने भागवा. कॅटो युनिट्रॅक किंवा टोमिक्स फाइनट्रॅक या तयार रुळांना प्लास्टिकची खडी असतेच. तिच्या फक्त उतारावर बारीक खडी चिकटवली तरी कडा लपते.

रंग एकसारखा करडा ठेवू नका. रुळाच्या बाजूंना तपकिरी रंग द्या, माथा लगेच पुसा, आणि गाड्या थांबतात तिथली खडी जरा काळपट करा. गाड्यांच्या अंगावर मात्र मळ चढवू नका. जपानी गाड्या नेहमी धुतल्या जातात; चाकांजवळ ब्रेकची तपकिरी धूळ पुरे.

जोडणी आणि वीज

थर्माकोलवर स्प्रे पेंट किंवा रबरी गोंद वापरला तर डोंगर विरघळतो. पाण्यात मिसळणारे रंग आणि फेविकॉलच वापरा.

टी-ट्रॅक मॉड्यूल, म्हणजे एकमेकांना जोडता येणारे लेआउटचे ठरावीक मापाचे तुकडे, करणारे फळी नेमकी रुळाएवढी, म्हणजे २४८ + ६२ = ३१० मिमी कापतात. ती ३०८ मिमी हवी. रूळ दोन्ही बाजूंना एकेक मिमी बाहेर राहिले तरच शेजारच्या मॉड्यूलशी घट्ट बसतात. नाहीतर फळ्या आधी टेकतात आणि रुळांमध्ये फट राहते. गाडी त्या जागी अडखळते आणि लोक मोटर उघडून बसतात.

चढ ४ टक्क्यांच्या वर नेऊ नका. ५० मिमी वर जायला किमान सव्वा मीटर लागतो, आणि सुरुवातीला व शेवटी उतार हळूहळू बदलायला जागा वेगळी. खऱ्या ४०० मीटर त्रिज्येचं वळण मॉडेलमध्ये २.६७ मीटर होतं, ते कुणालाच जमत नाही. म्हणून तीव्र वळणं बोगद्यात किंवा झाडीमागे लपवा, आणि बोगद्याचं तोंड चिकटवण्याआधी सगळ्यात लांब डबा वळणावरून हाताने सरकवून पाहा.

गाडी दूरच्या टोकाला मंदावत असेल तर आधी रूळजोडणीच्या पट्ट्या तपासा, आणि दर दीड-दोन मीटरवर वीज देणारी वायरची जोडी द्या. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घ्या. सँडपेपरचे ओरखडे काळा मळ धरून ठेवतात.

आणि जपानहून आणलेला पॉवरपॅक, म्हणजे रुळांना वीज देणारा कंट्रोलर, थेट भारतातल्या सॉकेटला कधीच लावू नका. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. अ‍ॅडॉप्टरवर इनपुट १०० एवढंच छापलेलं असेल तर २३० वरून १०० व्होल्ट करणारा, किमान ५० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला. फक्त पिन बदलणारा कन्व्हर्टर व्होल्टेज बदलत नाही.