उपरा धोंडा ओळखावा कसा

मोकळ्या माळावर एकटाच पडलेला मोठा धोंडा दिसला की पावलं आपोआप तिकडे वळतात. वळू द्या. पण त्याला हात लावण्याआधी त्याच्याभोवती शंभर-दोनशे पावलांचा एक फेरा मारा, आणि त्या फेऱ्यात नजर जमिनीवर ठेवा. ओढ्यानं कापलेला काठ, रस्त्यासाठी छाटलेली टेकडी, पायासाठी खणलेला खड्डा, जिथे कुठे खालचा मूळ कातळ उघडा पडला असेल तिथे थांबा. त्याचा रंग, दाणा, थर नीट बघून घ्या. मी तीस वर्षं जमिनीची मोजणी केली. मोजणीत आधी आधारबिंदू पक्का करतात, कारण तो चुकला की पुढचं सगळं चुकत जातं. धोंड्याच्या बाबतीत हा आधारबिंदू म्हणजे खालचा कातळ. धोंडा आणि कातळ एकाच जातीचे असतील तर धोंडा बहुधा तिथलाच आहे. जात वेगळी निघाली तर तो बाहेरून आलाय, आणि मग खरं काम सुरू होतं.

हे धोंडे सगळीकडे सापडत नाहीत. शेवटच्या हिमयुगात, साधारण २०,००० वर्षांपूर्वी बर्फ सर्वांत जास्त पसरला होता, तेव्हा कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग, स्कँडिनेव्हिया, ब्रिटनचा बराचसा भाग, जर्मनीच्या उत्तरेकडच्या सपाट प्रदेशाचा काही भाग आणि आल्प्सची खोरी बर्फाखाली होती. बर्फानं सरकता सरकता दगड उचलले, वाहून नेले आणि वितळला तिथे ते टाकून दिले. भूविज्ञानात अशा दगडाला इरॅटिक म्हणतात. भटकणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून तो शब्द आला आहे. मी त्याला उपरा धोंडा म्हणतो. बाहेर पडण्याआधी हिमयुगातल्या बर्फाची हद्द दाखवणारा नकाशा बघून ठेवा. तुमची जागा त्या हद्दीच्या फार बाहेर असेल, तर धोंडा कितीही परका दिसला तरी तो आणणारा कुणी दुसरा असणार.

जमिनीशी विरोध म्हणजे काय हे एकदा डोळ्यांत भरावं, म्हणून इंग्लंडच्या यॉर्कशर भागातलं नॉर्बर जरूर बघावं. तिथे पांढुरक्या चुनखडीच्या पठारावर काळपट, खरबरीत वालुकाश्मी धोंडे बसलेले आहेत. धोंडे सिल्युरियन काळातले, खालची चुनखडी त्यानंतरच्या कार्बोनिफेरस काळातली. जुना दगड नव्याच्या डोक्यावर! दरीत खाली असलेला हा खडक बर्फानं वर चढवून ठेवला. त्याहून मोलाची गोष्ट बघायची तर खाली वाका. काही धोंडे चुनखडीच्या वीतभर-दीड वीत उंच ओट्यांवर उभे आहेत. पाऊस चुनखडी विरघळवत गेला, आजूबाजूची जमीन खाली गेली, पण धोंड्याच्या छत्रीखालचा तुकडा तेवढा वाचला. बर्फ गेल्यापासून आजपर्यंत चुनखडी किती झिजली याचा हिशेबच तिथे उभा आहे. मी त्या ओट्यापाशी तासभर बसलो होतो. माझ्या आयुष्यात इतकं सुबक मोजमाप मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता धोंड्याजवळ या. बाहेरचा रंग फसवतो. वर दगडफूल वाढलेलं असतं, ऊनपावसानं कांती बदललेली असते. हातोडी आणली असेल तर ती पिशवीतच राहू द्या. कोपऱ्याची आधीच उडालेली कपची शोधा, तिथे थोडं पाणी शिंपडा आणि दहापट भिंग डोळ्याला टेकवून दगडाजवळ जा. पाण्यानं रंग खुलतो, दाणे सुटे दिसतात. दगडफूल खरवडू नका. ते फार सावकाश वाढतं आणि धोंडा किती काळ उघड्यावर आहे हे ठरवायला अभ्यासकांना त्याचा उपयोग होतो.

सगळ्यांत अवघड प्रसंग म्हणजे ग्रॅनाइटवर ग्रॅनाइट. अमेरिकेत मेन राज्यातल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानात साउथ बबल नावाच्या डोंगराच्या अगदी कडेला एक मोठा धोंडा आहे, बबल रॉक. आता पडेल की मग पडेल असा तो दिसतो. डोंगर ग्रॅनाइटचा, धोंडाही ग्रॅनाइटचा. पण डोंगराचा दगड गुलाबी झाकेचा, आणि धोंड्यात पांढरे ठसठशीत स्फटिक व त्यांच्यामध्ये काळी खनिजं. तो वायव्येकडून आलेला आहे. म्हणून नुसतं ‘ग्रॅनाइट’ लिहून थांबू नका. स्फटिक केवढा, कोणत्या रंगाचा, एका दिशेनं लागलेले आहेत की अस्ताव्यस्त, हे सगळं लिहा.

मग आकार बघा. बर्फाच्या तळाशी घासत आलेल्या दगडाचे कोपरे बोथट होतात, एखादी बाजू कानशीनं घासल्यासारखी सपाट होते आणि तिच्यावर समांतर ओरखडे उमटतात. भर दुपारी ते दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा, नाहीतर बॅटरी दगडाला चिकटवून आडवा प्रकाश टाका. चुनखडी, स्लेट, बारीक दाण्याचा काळा दगड ओरखडे चांगले जपतात. भरड ग्रॅनाइटवर ते हजारो वर्षांच्या ऊनपावसात पुसले जातात. त्यामुळे ओरखडे नाहीत एवढ्यावरून धोंड्याला निकालात काढू नका. काही धोंडे तर बर्फाच्या पाठीवर बसून येतात, ते कुठे घासलेच जात नाहीत.

असा पाठीवर बसून आलेला सर्वांत भव्य धोंडा मी पाहिला तो कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, ओकोटोक्सजवळ. सपाट गवताळ शेतं, खाली मऊ वालुकाश्म आणि चिखलखडक, आणि त्यात दुमजली घराएवढा क्वार्टझाइट या कठीण खडकाचा धोंडा. लांबी सुमारे ४१ मीटर, रुंदी १८, उंची ९ आणि वजन अंदाजे १६,५०० टन. जॅस्परच्या बाजूच्या डोंगरात कडा कोसळला, दगड हिमनदीवर पडले. ती हिमनदी पूर्वेकडून आलेल्या महाकाय हिमस्तराला भिडली आणि दोन्ही बर्फ डोंगररांगेच्या कडेनं दक्षिणेकडे वळले. त्या वाटेवर आजही शेकडो किलोमीटरपर्यंत एकाच जातीच्या क्वार्टझाइटचे धोंडे एका अरुंद पट्ट्यात सांडलेले आहेत. कोपरे धारदार, ओरखडे नाहीत, तरी उपरेपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. एकटा धोंडा बघून थांबू नका, त्याचे सोबती शोधा, हे मी तिथेच शिकलो.

ओकोटोक्स या गावाचं नावसुद्धा तिथल्या मूळ रहिवासी ब्लॅकफूट लोकांच्या भाषेतल्या दगड या शब्दावरून आलं आहे. त्यांच्या कथेत नापी नावाचा त्यांचा पुराणपुरुष उन्हात दमून या दगडावर बसतो आणि खूश होऊन त्याला आपली शाल देतो. थंडी वाजायला लागल्यावर ती परत हिसकावतो, आणि चिडलेला दगड गडगडत त्याच्या मागे लागतो. शेवटी वटवाघळं दगडावर आपटून तो फोडतात. धोंडा आज खरोखर दुभंगलेला आहे. दगड दुरून चालत आला आणि इथे येऊन फुटला, हे त्या लोकांनी हिमयुगाचा सिद्धांत मांडला जाण्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. धोंड्याची नोंद करताना तिथल्या जुन्या लोकांनी ठेवलेलं नाव आणि कथा याही मोजमापाइतक्याच काळजीनं उतरवा. तिथे धोंड्यावर जुनी लाल रंगातली चित्रं आहेत, म्हणून चढायला मनाई आहे. मनाईची पाटी नसली तरी कुठल्याही धोंड्यावर चढू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

चुकीच्या धोंड्यांबद्दल थोडं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधला बाउडर स्टोन एका टोकावर तोलून उभा आहे आणि बराच काळ लोक त्याला हिमनदीनं आणलेला मानत. पण तो वरच्याच कड्यावरून कोसळलेला असावा, असं आता मानलं जातं. म्हणून धोंड्याच्या वर कडा असेल तर आधी मान वर करून बघा. अमेरिकेत ऑरेगॉनच्या विलामेट खोऱ्यात एका टेकडीवर ९० टनांचा परका धोंडा आहे, आणि तिथे हिमनदी कधी पोचलीच नव्हती. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाचा बांध फुटून मिसूला सरोवराचे प्रचंड पूर आले. त्या पुरात तरंगत आलेल्या हिमखंडात हा दगड अडकलेला होता. पूर्वी तो याहून बराच मोठा होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आठवण म्हणून तुकडे नेले, आणि टनच्या टन दगड असा गेला. हे वाचून कुणी एक कपची जरी खिशात घालायचा राहिला तरी मला समाधान वाटेल.

तिसरी चूक मी स्वतः केली आहे. एका कुरणाच्या कोपऱ्यात मला सुरेख गुळगुळीत धोंडा सापडला. मी मोजला, फोटो काढले, नकाशावर खूण केली. संध्याकाळी तिथल्या वृद्ध शेतकऱ्याशी बोलताना कळलं की रस्ता रुंद करताना तो यंत्रानं उचलून तिथे आणून ठेवला होता. धोंडा उपराच होता, पण त्याची जागा खोटी होती. तेव्हापासून वहीत नोंद करण्याआधी मी जमीनमालकाशी बोलतो. परवानगी तर लागतेच, शिवाय माहिती मिळते.

धोंडा आला कुठून हे ठरवायला काही दगड फार मदत करतात, कारण ते जगात मोजक्याच ठिकाणी जन्मले आहेत. स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगतच्या एल्सा क्रेग बेटावरचा निळसर बारीक दाण्याचा ग्रॅनाइट आयरिश समुद्राच्या दोन्ही बाजूंना, पार वेल्सपर्यंत सापडतो. वायव्य इंग्लंडमधल्या शॅपचा ग्रॅनाइट त्यातल्या मोठ्या गुलाबी स्फटिकांवरून लगेच ओळखू येतो. तो डोंगर ओलांडून यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावर पोचला आहे. ऑस्लोच्या परिसरातला, शंकरपाळ्याच्या आकाराचे स्फटिक असलेला ऱ्हॉम्ब पॉर्फिरी डेन्मार्कपासून इंग्लंडपर्यंत विखुरला आहे. मूळ ठिकाण कळलं की नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारण्याचा मोह होतो. ती पेन्सिलीनंच मारा. बर्फ दिशा बदलतो, आणि एका हिमयुगानं टाकलेला दगड पुढचं हिमयुग पुन्हा उचलतं.

मोजायला दोरी आणि टेप पुरे. सर्वांत मोठी लांबी, तिला काटकोनात रुंदी, आणि जमिनीपासून उंची घ्या. गोलसर धोंड्यासाठी तिन्हींचा गुणाकार निम्मा करा, म्हणजे घनमीटर मिळतील. ग्रॅनाइटसाठी त्याला २.६५ नं गुणा, म्हणजे टन. ४ × ३ × २.५ मीटरचा धोंडा सुमारे ४० टनांचा भरतो. हा जमिनीवरचा भाग झाला, आत किती आहे हे सहसा कळत नाही. हॅम्बुर्गला १९९९ मध्ये एल्ब नदीचं पात्र खोल करताना एक धोंडा सापडला, तो बाहेर काढला तेव्हा २१७ टनांचा निघाला. तो स्वीडनहून आलेला आहे. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘म्हातारा स्वीडिश’.

फोटो चारही दिशांनी घ्या, प्रत्येकात मोजपट्टी दिसू द्या. जागेचे अक्षांश-रेखांश लिहा, आणि तारीख व प्रकाशाची वेळही लिहा, कारण पुढच्या माणसाला ओरखडे त्याच वेळी दिसतील. सहज जमत असेल तर धोंड्याच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंचीही नोंदवा.

उंचीवरून आठवलं. जिनेव्हाच्या बंदरात पाण्यातून दोन धोंडे वर आलेले दिसतात, प्येर द्यू नितों. ऱ्होनच्या हिमनदीनं आणून टाकलेले ते उपरेच. त्यातल्या एकावरची खूण स्वित्झर्लंडच्या सगळ्या उंचीमापनाचा आधारबिंदू आहे. पूर्वी तिची उंची ३७६.८६ मीटर धरत. १९०२ मध्ये नव्या हिशेबानं ती ३७३.६ ठरली आणि देशातल्या प्रत्येक शिखराची उंची तीन मीटरहून अधिक उतरली. मी धक्क्यावर उभा राहून दुर्बिणीनं ती खूण शोधत होतो. पाण्याच्या लाटा धोंड्याला लागत होत्या, तो जागचा हलत नव्हता.