‘नंबर ३२’ दुर्बिणीचे मार्क ओळखताना या चुका टाळा

ब्रिटिश सैन्याच्या ‘नंबर ४ मार्क १ (टी)’ या नेमबाजांच्या रायफलीवर दुसऱ्या महायुद्धात जी दुर्बीण बसवली जात असे, तिचे अधिकृत नाव ‘टेलिस्कोप, साइटिंग, नंबर ३२’ असे होते. ती मुळात ब्रेन मशीनगनसाठी आखलेली होती आणि १९४२ पासून रायफलीवर वापरात आली. तिचे मार्क १, मार्क २ आणि मार्क ३ असे तीन मुख्य प्रकार निघाले. १९७० मध्ये ‘एल४२ए१’ ही रायफल आली, तेव्हा मार्क ३ मध्येच फेरफार करून ‘एल१ए१’ हा चौथा प्रकार तयार करण्यात आला. या चारही दुर्बिणी तिप्पट वर्धनाच्या आहेत, त्यांची नळी आणि काळपट रंग बाहेरून जवळजवळ सारखेच दिसतात, आणि आत पाहिल्यावर तोच उभा खुंट व तीच आडवी तार दिसते. त्यामुळेच त्या ओळखताना, जोडताना आणि दुरुस्त करताना वारंवार चुका होतात. त्यातल्या काही चुका केवळ पैशांच्या असतात, पण काहींमुळे ऐंशी वर्षे टिकलेला पुरावा एका संध्याकाळी नाहीसा होतो. या लेखाचा भर मुख्यतः त्या दुसऱ्या प्रकारच्या चुकांवर आहे.

सर्वांत सामान्य चूक म्हणजे केवळ रूपावरून मार्क ठरवणे. विक्रेता ‘मार्क ३’ म्हणतो, छायाचित्रात दुर्बीण व्यवस्थित दिसते, आणि ग्राहक त्यावर विश्वास ठेवतो. खरे तर नळीवर कोरलेली अक्षरे आधी वाचली पाहिजेत. मार्कच्या उल्लेखासोबत तेथे ‘ओ.एस.’ या अक्षरांनी सुरू होणारा नमुना क्रमांक असतो. मार्क १ वर तो ४६६ ए, मार्क २ वर १६५० ए आणि मार्क ३ वर २०३९ ए असा असतो. त्याशेजारी उत्पादकाची खूण, वर्ष आणि त्या दुर्बिणीचा स्वतःचा अनुक्रमांक असतो. उत्पादकांमध्ये इंग्लंडमधील वॉटसन, केर्शॉ, हॉटन-बुचर आणि टेलर, टेलर अँड हॉब्सन या कंपन्या होत्या. कॅनडात रिसर्च एंटरप्रायझेस लिमिटेड ही कंपनी या दुर्बिणी बनवीत असे. मात्र एवढ्यावर थांबणे ही दुसरी चूक ठरते. सैन्याच्या कार्यशाळांत या दुर्बिणी पुन्हा पुन्हा उघडल्या गेल्या, सुटे भाग बदलले गेले, आणि कधी जुना मार्क खोडून शेजारी नवा ठोकला गेला. म्हणून नळीवरचे लेखन आणि ड्रमचे वर्तन यांचा मेळ बसतो का, हे तपासल्याशिवाय निर्णय देऊ नये.

ड्रम म्हणजे वरचा अंतराचा आणि बाजूचा आडव्या विचलनाचा, असे दोन गोल फिरते भाग. मार्कांमधला खरा भेद याच ठिकाणी आहे. मार्क १ मध्ये अंतराचा ड्रम हजार यार्डांपर्यंत पन्नास-पन्नास यार्डांच्या टप्प्यांनी फिरतो आणि बाजूच्या ड्रमचा एक क्लिक दोन मिनिटांचा असतो. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर एक मिनिट जवळजवळ एक इंच होतो, म्हणजे चारशे यार्डांवर मार्क १ चा एकच क्लिक सुमारे आठ इंचांचा फरक पाडतो. नेमबाजासाठी हे फार ढोबळ होते. मार्क २ मध्ये दोन्ही ड्रमना एक-एक मिनिटाचे क्लिक दिले गेले आणि ही अडचण दूर झाली. तरीही झिरोइंगची, म्हणजे रायफलीच्या प्रत्यक्ष नेमाशी दुर्बीण जुळवण्याची, अडचण कायम राहिली. मार्क १ आणि मार्क २ वर नेम जुळल्यानंतर ड्रमची पट्टी योग्य आकड्यावर आणायची, तर आतला स्क्रू स्थिर धरून वरची चकती सोडवावी लागे. त्यासाठी खास साधन लागे, आणि हे काम एकट्याच्या दोन हातांत नीट होत नसे. मार्क ३ मध्ये ड्रमची रचनाच बदलली आणि त्या खास साधनाशिवाय पट्टी शून्यावर आणता येऊ लागली. तीन मार्कांतला सर्वांत मोठा व्यावहारिक सुधार कोणता असे मला कोणी विचारले, तर मी काचेकडे बोट दाखवणार नाही. या चकतीकडे दाखवीन.

हा भेद माहीत नसल्याने एक घातक चूक घडते. मार्क १ किंवा मार्क २ हाती असताना एखादा माणूस मार्क ३ ची कृती वाचतो, आणि चकती सुटत नाही म्हणून पक्कड लावतो. ड्रमच्या कडेची नाजूक खाचरेषा त्यामुळे कायमची ओरखडली जाते, आणि कधी आतला मऊ स्क्रूच पिळवटतो. ड्रम जड फिरत असेल तर कारण बहुधा वाळून घट्ट झालेले जुने ग्रीस असते. अशा वेळी जोर न लावता, लष्करी प्रकाशीय उपकरणांवर काम करणाऱ्या कारागिराकडे दुर्बीण सोपवावी. याच्या उलट ड्रम सैल असेल आणि क्लिक फिरवूनही नेम हलत नसेल, तर स्क्रूच्या आट्यांची झीज झालेली असते. किंचित झीज असलेली दुर्बीण वापरायची असेल तर हवा तो आकडा नेहमी एकाच दिशेने गाठावा. आकडा ओलांडला गेला तर बरेच मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यावे. जुन्या यंत्रांवर काम करणाऱ्या फिटरला ही सवय वेगळी शिकवावी लागत नाही.

आणखी एक गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यामुळे चांगल्या दुर्बिणी ‘बिघडलेल्या’ म्हणून परत केल्या जातात. आजच्या दुर्बिणीत ड्रम कितीही फिरवला तरी नेमखूण, म्हणजे तो खुंट किंवा तार, दृश्याच्या मध्यभागीच राहते, कारण आतली भिंगांची नळी हलते. नंबर ३२ मध्ये नेमखूण स्वतःच सरकते. त्यामुळे हजार यार्डांचा आकडा लावल्यावर खुंट दृश्याच्या मध्यापासून सरकलेला दिसणे हे तिचे नैसर्गिक वर्तन आहे. मात्र जवळच्या अंतरावरही, ड्रम मध्यावर असताना, खुंट फारच कडेला जात असेल, तर दोष बहुधा दुर्बिणीत नसून तिच्या बैठकीत असतो.

ही बैठक, म्हणजे ब्रॅकेट, हा स्वतंत्र विषय आहे. बहुतेक नंबर ४ (टी) रायफलींचे रूपांतर लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कंपनीने केले. तेथे प्रत्येक रायफलीच्या डाव्या बाजूला दोन पॅड बसवून ब्रॅकेट त्या विशिष्ट रायफलीलाच जुळवले जाई. म्हणूनच रायफलीचा क्रमांक ब्रॅकेटवर ठोकलेला असतो आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर, वरच्या बाजूस, ठोकलेला असतो. दस्त्याखालील ‘एस ५१’ ही हॉलंड अँड हॉलंडची खूण आणि रिसीव्हरच्या, म्हणजे रायफलीच्या धातूच्या मुख्य सांगाड्याच्या, डाव्या बाजूचे ‘टी’ हे अक्षर यांच्यासह हे क्रमांक वाचले, की त्या वस्तूची वंशावळ समोर येते. दस्त्यावर एक क्रमांक छेदून दुसरा ठोकलेला दिसला तर अनेक जण तो फसवणुकीचा पुरावा मानतात. तसे मानण्याचे कारण नाही, कारण सेवेत असताना दुर्बीण बदलल्यावर हीच पद्धत होती. संशय घ्यायचा तो छेदलेल्या क्रमांकावर नव्हे, तर घासून सपाट केलेल्या आणि नव्या ठशाने चमकणाऱ्या क्रमांकावर.

मी स्वतः एका खासगी संग्रहात पाहिलेले उदाहरण सांगतो. मालकाने सफाईसाठी दोन ब्रॅकेट एकदम उघडले होते, आणि दुर्बिणीची नळी धरणाऱ्या कड्यांच्या चार टोप्या एकाच वाटीत ठेवल्या होत्या. टोप्यांवरही क्रमांक असतात याची त्याला कल्पना नव्हती. जोडताना त्यांची अदलाबदल झाली, एका नळीवर कड्याचा व्रण उमटला, आणि नळी कड्यात फिरेल या भीतीने स्क्रू आणखी आवळल्यामुळे ती नळी किंचित दबली. दबलेली नळी सरळ करता येत नाही. टोप्यांवरचे क्रमांक पाहूनच भाग सुटे करावेत, एका वेळी एकच ब्रॅकेट हाताळावे, आणि पुढचे पॅड सैल आहे का हे आधी तपासावे. हे पॅड सैल होणे हा या रायफलींचा जुना आणि सुपरिचित दोष आहे. तो असताना दुर्बीण कितीही जुळवली तरी नेम टिकत नाही, आणि दोष मात्र दुर्बिणीच्या माथी मारला जातो.

एल१ए१ बाबतची चूक थोडक्यात सांगता येते. ही दुर्बीण ७.६२ मिलिमीटर नाटो गोळीसाठी आहे आणि तिचा अंतराचा ड्रम मीटरमध्ये आहे. मार्क १ ते ३ चे ड्रम .३०३ इंची गोळीसाठी यार्डांमध्ये आहेत. अनेक एल१ए१ वर खोडलेले जुने मार्क ३ चे लेखन अजून वाचता येते, म्हणून ती ‘युद्धकालीन मार्क ३’ म्हणून विकली जाते. खरेदी करण्यापूर्वी ड्रमवरचे आकडे कोणत्या एककात आहेत, एवढे विचारले तरी पुरे. भारतातील वाचकांनी मात्र लक्षात ठेवावे की .३०३ हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे. त्यामुळे दुर्बिणीसोबत रायफल देऊ करणारा कोणताही व्यवहार परवाना अधिकाऱ्याशी बोलल्याशिवाय पुढे नेऊ नये.

आता काचेकडे वळतो, कारण सर्वाधिक कायमचे नुकसान तेथेच होते. या काळातील दुर्बिणींत आतमध्ये नायट्रोजन भरलेला नसतो. ती पद्धत युद्धानंतर, अमेरिकेतील लूपोल्डसारख्या उत्पादकांमुळे रूढ झाली. त्यामुळे दमट हवेत आत बाष्प धरणे स्वाभाविक आहे. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात बंद कपाटात, चामड्याच्या जुन्या पेटीत दुर्बीण ठेवली, तर पहिल्यांदा धुरकटपणा येतो आणि मग कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसू लागते. चामडे ओलावा धरून ठेवते, म्हणून ते शेजारी ठेवावे, पण दुर्बीण त्यात ठेवू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावे, आणि त्याचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरावे.

धुरकटपणा, बुरशी आणि चिकटवलेल्या भिंगांचे सुटणे हे तीन वेगळे दोष आहेत, पण ते एकच समजून एकाच उपायाने घालवण्याचा प्रयत्न होतो. धुरकटपणा बहुधा जुन्या ग्रीसच्या वाफेचा पातळ थर असतो आणि कुशल हाताने तो निघतो. बुरशी फार काळ राहिली तर काचेवर कोरल्यासारखे व्रण सोडते, आणि ते व्रण पुसले जात नाहीत. तिसरा दोष निराळा आहे. जोडभिंगे कॅनडा बाल्सम नावाच्या पारदर्शक राळेने चिकटवलेली असतात. राळ वृद्ध झाली की कडेपासून इंद्रधनुषी रेषा किंवा नेच्याच्या पानासारखी नक्षी आत शिरते. अशा भिंगावर स्पिरिट ओतले किंवा ते उन्हात तापवले तर राळ आणखी सुटते. भिंगे पुन्हा चिकटवणे शक्य आहे, पण ते काम अनुभवी प्रकाशीय कारागिराचे आहे, आणि त्यातही भिंगांची मूळ दिशा व अक्ष नोंदवून ठेवणे अनिवार्य आहे. बाहेरच्या काचेवर आधी फुंकणीने धूळ उडवावी आणि मगच मऊ, स्वच्छ कापड लावावे, कारण त्या काळातील लेपन मऊ असते आणि धुळीच्या एका कणानेही ओरखडते.

सोव्हिएत ‘पीयू’ दुर्बिणीबाबतही याच प्रकारच्या चुका होतात. पीयू साडेतीनपट वर्धनाची आणि सुमारे १६९ मिलिमीटर लांबीची आहे. त्याआधीची ‘पीई’ लांब, जड आणि चौपट वर्धनाची आहे, आणि तिच्या सुरुवातीच्या नमुन्यांना नेत्रिकेजवळ फोकसचे कडे असते. पीयू मुळात एसव्हीटी-४० या स्वयंभरित रायफलीसाठी आली आणि १९४२ पासून मोसिन-नागां रायफलीवर कोचेतोव्ह बैठकीद्वारे बसवली गेली. एसव्हीटीची बैठक मोसिनवर बसत नाही, तरीही जोड ‘मूळ’ म्हणून विकली जाते. पीयूची नेमखूणही नंबर ३२ प्रमाणेच दृश्यात सरकते. म्हणून मोसिनवर ढोबळ जुळवणी आधी बैठकीच्या स्क्रूंनी करावी आणि ड्रम शक्यतो मध्यावर ठेवावेत. ज्यांनी ड्रमच टोकापर्यंत नेऊन नेम गाठला, त्यांना पुढे दूरच्या अंतरासाठी फिरवायला जागाच उरत नाही, आणि मग दुर्बीण ‘खराब’ म्हणून बाजूला ठेवली जाते, जरी तिच्यात कोणताही दोष नसला तरी.