कासवाच्या टाकीत पाणी उथळ ठेवताय? मग या चुका टाळा

पिल्लू असेल, आजारी कासव असेल किंवा मस्क टर्टलसारखं तळावरून चालणारं असेल, तर पाणी उथळ ठेवणं योग्यच. कासव फुप्फुसाने श्वास घेतं. अशक्त कासवाला तळावर उभं राहून, मान ताणली की नाक पाण्याबाहेर काढता आलं पाहिजे. पण उलटं पडलं तर वळता यावं म्हणून पाणी निदान कवचाच्या रुंदीहून थोडं जास्त हवं. इथवर बहुतेकांचं बरोबर असतं, चुका पुढे होतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘पाणी कमी आहे, छोटा फिल्टर पुरे’. हिशेब नेमका उलटा आहे. 90 सेंमी लांब आणि 45 सेंमी रुंद टाकीत 40 सेंमी पाणी भरलं तर 162 लिटर होतं. तेच 15 सेंमीवर आणलं की जेमतेम 61 लिटर उरतं. कासव तेच, खाणं तेवढंच, घाणही तेवढीच. म्हणजे त्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया अडीचपटीहून जास्त वेगाने चढणार. मी फिल्टर निवडताना टाकी काठोकाठ भरलेली धरतो आणि खोक्यावर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्मीच खरी मानतो. ते आकडे माशांसाठी असतात, कासव त्याहून कितीतरी जास्त घाण करतं.

मागे टांगायचा फिल्टर उथळ पाण्यात लावू नका. नळी पाण्यापर्यंत पोचत नाही, पंप कोरडा फिरून जळतो. पोचली तरी पाणी वरून धबाधबा पडतं आणि पिल्लू कोपऱ्यात अंग चोरून बसतं. मी कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर वापरतो. पाणी ओढणारं तोंड तळाशी आडवं ठेवतो आणि परतीच्या पाण्याची धार काचेवर सोडतो, म्हणजे जोर मोडतो.

आता जी चूक मी स्वतः केली आणि जिचं अजून वाईट वाटतं ती. पाणी थोडं गढूळ दिसलं म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी फिल्टरमधला स्पंज, सिरॅमिक रिंगा, सगळं नळाखाली धरून चकाचक धुतलं. वर टाकीही घासली. तिसऱ्या दिवशी झाकण उचललं तर नाकाला झोंबणारा वास आला. अमोनियाच्या चाचणीची कुपी एरवी पिवळी राहायची, ती गडद हिरवी झाली. कासवाचे डोळे सुजले होते आणि समोर ठेवलेल्या खाण्याकडे ते बघतही नव्हतं. पशुवैद्याकडे नेलं, पुढचे पाच आठवडे पाणी बदलत राहिलो, तेव्हा ते सावरलं.

झालं काय होतं? अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या बुळबुळीत स्पंजावर आणि रिंगांवरच राहतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मेले. नव्याने वसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवा फिल्टर लावून दुसऱ्याच दिवशी कासव सोडणाऱ्यांचंही हेच होतं. म्हणून आता मी टाकीतलंच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोनदा पिळतो. रिंगा त्या दिवशी अजिबात हलवत नाही, त्यांची पाळी तीन-चार आठवड्यांनी.

हीटर उभा लावू नका. उथळ पाण्यात तो अर्धा उघडा पडतो आणि काच तडकते. पूर्ण बुडवता येणारा घ्या, आडवा लावा आणि पाणी काढण्याआधी बंद करा.

बारीक खडी नको, कासवं गिळतात.

ऊन खायच्या फळीखाली कासव शिरून अडकेल अशी फट ठेवू नका. पाणी हातभर खोल नसलं तरी अडकलेलं कासव बुडून मरतं.

यूव्हीबी दिवा (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा) काचेच्या झाकणावर ठेवू नका. काच ती किरणं अडवते.

आणि उथळ टाकीत बाष्पीभवन हलक्यात घेऊ नका. 15 सेंमीतले 3 सेंमी उडाले की पाचवा हिस्सा पाणी गेलं आणि फिल्टरचं तोंड हवा ओढू लागलं. मी काचेवर बाहेरून चिकटपट्टीची खूण केली आहे. सकाळी खाणं घालताना पाणी त्या खुणेखाली दिसलं, की आधी क्लोरीन काढलेलं पाणी घालतो आणि मगच खाणं.