नणंदेचा कुंदा आणि कोरडी भाकरी: तेल-तुपाबाबत या चुका टाळा

वजन उतरवायचं म्हणून मी दुपारची भाकरी कोरडी खायला लागले. भाजी पाण्यात शिजवलेली, शेंगाची चटणी बंद. चार दिवस बरं वाटलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी, पुण्याच्या नणंदेला पाठवायला आणलेला कुंद्याचा (दूध आटवून केलेल्या मिठाईचा) डबा ओट्यापाशी उभ्या उभ्या निम्मा संपवला. मग लाजेनं रात्रीचं जेवण टाळलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडी भाकरी! जिभेवर ताबा नाही म्हणून कितीतरी महिने मी स्वतःलाच बोल लावत होते. खरं तर दुपारी पोटच भरत नव्हतं.

जेवणात स्निग्धांश असला की अन्न पोटातून सावकाश पुढे सरकतं आणि भूक उशिरा लागते. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं अंगी लागायला थोडी चरबी लागतेच. तेव्हा पहिली दुरुस्ती म्हणजे ताटातली चटणी परत आणा. शेंगा, कारळं, जवस, आपल्याकडे सगळं आहे. जवस मात्र अख्खा खाल्ला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. भाजून कुटा, पण थोडाच. कुटलेला लवकर खवट होतो.

याच्या उलट चूकही आपल्याकडे घरोघरी दिसते. ‘घाण्याचं तेल आहे, बाधत नाही’ म्हणत भरल्या वांग्यावर तर्री येईपर्यंत ओतायचं. घाण्याचं असो की पिशवीतलं, 1 ग्रॅम तेलात 9 कॅलरीच. पण खाण्याचीच धास्ती घेतलेल्या माणसानं घासागणिक कॅलरी मोजू नयेत, त्यानं धास्ती वाढते. मी तेलाचा डबा फोडल्याची तारीख त्याच्यावरच लिहिते. चार माणसांत 5 लिटर महिन्यात संपलं तर माणशी रोज साधारण 38 ग्रॅम झालं. 3 लिटर संपलं तर 23. बैठं काम असेल तर 20 ते 25 पुरतं.

पिशवीवरच्या ‘कोलेस्टेरॉल नाही’ला भुलू नका. ते वनस्पतीच्या कुठल्याच तेलात नसतं. त्यापेक्षा खारी-बिस्किटाच्या पुड्यामागे ‘ट्रान्स फॅट’चा, म्हणजे हृदयाला घातक चरबीचा, आकडा बघा. 2022 पासून तेला-चरबीत त्याची मर्यादा 2 टक्के आहे. तुपात निम्म्याहून जास्त संपृक्त (सॅच्युरेटेड, जास्त झाली तर हृदयाला न मानवणारी) चरबी असते, म्हणून ते रोज चमचाभरच. सणाला मांड्यावर घेतलं तर घेतलं, दुसऱ्या दिवशी उपास करून फेडायचं नाही. नेहमीच्या वेळेला नेहमीसारखं जेवायचं.

चोरून खाणं, खाऊन मुद्दाम उलटी काढणं, दिवसच्या दिवस उपाशी राहणं असं चाललं असेल तर तेल बदलून काही होणार नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा. घरात बोलायची चोरी असेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही.