बायोमेडिकलमध्ये पीएचडी: विषयाच्या आधी काय काय हाताशी हवं

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आलेली मुलं, लातूरची असोत, नांदेडची की परभणीची, पहिला प्रश्न एकच विचारतात: विषय कोणता घेऊ? माझ्या मते हा सगळ्यात शेवटी विचारायचा प्रश्न आहे. गाइड (मार्गदर्शक प्राध्यापक), पैसा आणि सँपल (तपासायचे नमुने) या तिन्हींची सोय लागली की विषय त्यातूनच निघतो. उलट्या बाजूने गेलं की सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) झकास होतो, पण रुग्णांचं रक्त कुठल्या दवाखान्यातून येणार हे कुणालाच ठाऊक नसतं.

आधी कागदपत्रं उरकून टाका, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही, फक्त वेळ जातो. एमएस्सीला 55 टक्के हवेत. मागासवर्गीय, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना 5 टक्क्यांची सूट आहे. जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, टीसी, मायग्रेशन, आणि मधली वर्षं रिकामी असतील तर गॅपचं शपथपत्र, हे सगळं एका फाइलीत आणि मोबाइलमध्येही ठेवा. ओबीसी असाल आणि पुण्या-मुंबईच्या केंद्रीय संस्थांना फॉर्म भरणार असाल, तर केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो. राज्याचा चालत नाही, हे बऱ्याच जणांना मुलाखतीच्या टेबलावर कळतं. सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवत असाल तर पूर्णवेळ की अर्धवेळ, हे आत्ताच ठरवा. पगार आणि पूर्णवेळ फेलोशिप दोन्ही एकदम मिळत नाही, आणि अर्धवेळ करायचं तर संस्थेची एनओसी लागते.

परीक्षेचं म्हणाल तर विद्यापीठाची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा) आहेच, पण जीव ओतायचा तो सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या लाइफ सायन्सेसमध्ये. 200 गुणांचा पेपर, तीन तास. ए भागात 20 पैकी 15 प्रश्न, बी भागात 50 पैकी 35 आणि सी भागात 75 पैकी 25 सोडवायचे. सी भागातला प्रत्येक प्रश्न 4 गुणांचा, म्हणजे निम्मे गुण या 25 प्रश्नांत. चुकलं की त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. लातूर पॅटर्नच्या सवयीने मुलं पाठांतराच्या जोरावर बी भाग मारतात आणि सी भागात अडकतात, कारण तिथे प्रयोगाचा आलेख देऊन निष्कर्ष विचारतात. त्यावर उपाय म्हणजे अभ्यासक्रमातलं शेवटचं, तेरावं युनिट आधी वाचायला घ्या. ते प्रयोगशाळेतल्या पद्धतींचं आहे. प्रथिनं ओळखणारा वेस्टर्न ब्लॉट, पेशी मोजणारी फ्लो सायटोमेट्री, डीएनएच्या प्रती काढणारा पीसीआर एकदा नीट कळले की मुलाखतही निम्मी झाली. 2024 पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरतात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) नसलेल्यांना लेखीचे 70 टक्के, मुलाखतीचे 30 टक्के. हे गुण प्रवेशाला एकच वर्ष चालतात, त्यामुळे नेट निघाली म्हणून निवांत बसू नका.

गाइड निवडताना दारावरची पाटी बघू नका, शोधगंगा उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. गाइडचं नाव टाका, त्यांच्या हाताखालून किती जण पार पडले ते मोजा आणि प्रबंधातून किंवा नोंदीतून नोंदणीचं आणि पूर्ण झाल्याचं वर्ष मिळालं तर टिपून घ्या. नियमाने कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं असतात, पुढे मुदतवाढ. एकाच गाइडचे चारही स्कॉलर मुदतवाढीवर गेलेले दिसले, तर पाचवे तुम्ही असणार. मग ‘साहित्य आणि पद्धती’ हे प्रकरण वाचा. कुठली चाचणी स्वतःच्या लॅबमध्ये झाली आणि कुठली पैसे देऊन बाहेरून करून घेतली, ते तिथे कळतं. प्राध्यापकांना एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकांना 6 आणि सहायक प्राध्यापकांना 4 स्कॉलर घेता येतात, म्हणून जागा रिकामी आहे का ते विचारून घ्या. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवा स्कॉलर घेता येत नाही, हेही पाहा.

एवढं झाल्यावर त्यांच्या आत्ताच्या स्कॉलरना भेटा, आणि भेटायचं ते चहाच्या टपरीवर, गाइडच्या केबिनमध्ये नाही. रीएजंटचे पैसे कोण देतं? सहामाही प्रगती अहवालावर सही किती दिवसांत होते? आणि लाइट गेल्यावर उणे 80 अंशांचा फ्रीजर जनरेटरवर जातो की नाही? या शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात. मे महिन्यात दुपारभर लाइट नसलेल्या तालुक्यात दोन वर्षांचे नमुने ठेवणारा मात्र हसत नाही. आरएनए एकदा खराब झाला की परत रुग्ण शोधण्यापासून सुरुवात.

आता सँपल. आपल्याकडची खरी गंमत अशी की मशीन विद्यापीठात किंवा पुण्याला, आणि रुग्ण घाटीत (छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात), अंबाजोगाईत किंवा नांदेडच्या शासकीय रुग्णालयात. पुण्याच्या एनसीसीएस किंवा आयसर या केंद्रीय संशोधन संस्थांच्या मुलांकडे यंत्रसामग्री असते; सर्पदंशाचा, तंबाखूमुळे झालेल्या तोंडाच्या कर्करोगाचा, फ्लोराइडच्या पाण्याने दात डागाळलेल्या गावाचा रुग्ण आपल्या दारात असतो. हाच आपला हुकमाचा पत्ता, म्हणून रुग्णालयातला को-गाइड (सहमार्गदर्शक) नोंदणीच्या आधीच गाठून ठेवा आणि विभागप्रमुखांचं पत्र लेटरहेडवर घ्या. ‘बघू, करू’ हे पत्र नव्हे. मानवी नमुन्याला एथिक्स समितीची मंजुरी आधी लागते. आधी रक्त घेऊन मग मंजुरी, असं चालत नाही. समितीची बैठक काही रोज होत नसते, तेव्हा ते महिने वेळापत्रकात धरा. उंदरांवर काम असेल तर सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या समितीकडे) नोंदलेलं प्राणिगृह आणि प्राण्यांसाठीची वेगळी समिती.

संमतीपत्रक मराठीत करताना इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवू नका. ‘सदर संशोधनार्थ 5 मिली शिरागत रक्त’ असं वाचून गेवराईच्या आजी मान डोलावतील, पण ती संमती नव्हे. ‘हातातून एक छोटा चमचाभर रक्त घेऊ, नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, तुमचे उपचार तसेच चालू राहतील’, असं लिहा. रुग्णाला वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत त्रयस्थ, साक्षर साक्षीदाराची सही लागते, आणि तो साक्षीदार तुमचा लॅबमेट नको. पत्रक तयार झालं की घरातल्या कुणालाही वाचून दाखवा. जिथे ते ‘म्हणजे काय?’ विचारतील, तिथे खूण करा.

पैशाचं गणित सरळ आहे, फक्त पैसे वेळेवर येत नाहीत. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि पुढे 42,000, वर घरभाडं. हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे. जेआरएफ नसेल तर प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्याच्या संस्थांच्या जाहिरातींवर डोळा ठेवा. तिथे पीएचडीच्या नोंदणीचं पत्र आणि त्यावरची तारीख कळीची असते. फेलोशिप कुठलीही असो, पहिली रक्कम खात्यात पडेपर्यंत सहा महिने खोलीभाडं आणि मेस चालेल एवढी तजवीज हवी. घरी हे आधीच सांगून ठेवा. ‘डॉक्टर होणार ना, मग दवाखाना कुठं टाकणार?’ आणि ‘त्यापेक्षा एमपीएससी का नाही?’ या दोन प्रश्नांची उत्तरंही लगे हात तयार ठेवा, दिवाळीत लागतात.

हाताची तयारी नोंदणीपर्यंत लांबवू नका. कॉलेजात मायक्रोपिपेट आणि चार दशांशांचा तराजू असेल तर तेवढं पुरे. 100 मायक्रोलिटर पाणी दहा वेळा सोडा आणि प्रत्येक वेळी वजन घ्या. काटा 0.1 ग्रॅमच्या आसपास, दर वेळी जवळपास तेवढाच यायला हवा. आकडे इकडे तिकडे पळत असतील तर आधी अंगठा बघा: ओढताना पहिल्या थांब्यापर्यंतच दाबायचा, सोडताना दुसऱ्यापर्यंत, आणि वर येताना सावकाश. सोबत मोलॅरिटीची (द्रावणाच्या तीव्रतेची) गणितं कॅल्क्युलेटरशिवाय. 1 लिटर 1 मोलर मिठाच्या द्रावणाला 58.44 ग्रॅम, मग 250 मिली 150 मिलिमोलरला किती, हे झोपेतून उठवून विचारलं तरी यावं. संख्याशास्त्राचं आर आणि संदर्भ सांभाळणारं झोटेरो ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, सुट्टीत शिकून घ्या. पेपर वाचून टिपणं काढाल ती पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वाक्यात काढा. प्रबंधात 10 टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर जुळला तर 2018 च्या नियमाप्रमाणे प्रकरण समितीपुढे जातं.

राहिली हिपॅटायटिस बीची लस. रक्त हाताळणाऱ्या प्रत्येकाला ती हवी, आणि लहानपणी घेतली की नाही हे बहुतेकांना सांगता येत नाही. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी. पेटचा किंवा नेटचा फॉर्म भराल त्याच आठवड्यात पहिला डोस घ्या, म्हणजे कोर्सवर्क (पीएचडीच्या सुरुवातीचा अभ्यासक्रम) संपवून नमुने हातात घ्याल तेव्हा रिपोर्ट फाइलीत असेल.