रीफ टँकमधलं शेवाळ आटोक्यात कसं आणायचं

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत, शेवाळ दिसलं की बहुतेक जण घाबरून बाटलीतलं काहीतरी औषध ओततात नाहीतर निम्मं पाणी बदलून मोकळे होतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी दोन दिवस काहीच करू नका, नुसतं नीट बघा, कारण आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो ते चार-पाच वेगवेगळे प्रकार असतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला खतपाणी ठरतो.

टँक नवा असेल आणि वाळूवर, काचेवर तपकिरी पावडरसारखा थर असेल तर ते डायटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशी शेवाळ. पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातात, सोडून द्या. लालसर-जांभळी चादर पसरलीय आणि ती सोलल्यासारखी निघते? सायनो (सायनोबॅक्टेरिया), हे खरं तर बॅक्टेरिया. हिरवे केस म्हणजे हेअर अल्गी, केसांऐवजी बारीक पिसं दिसली तर ब्रायोप्सिस. आणि तपकिरी शेंबडासारखे दोरे, त्यात हवेचे बुडबुडे, रात्री लाइट गेल्यावर कमी होतात आणि दुपारपर्यंत परत हजर, तर डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म एकपेशी जीव) असण्याची शक्यता जास्त. सायनो की डायनो कळत नसेल तर थोडा नमुना टँकच्याच पाण्यात घेऊन जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा, परत गोळा होऊन दोरे धरले तर डायनो.

मग शेवाळ ज्यावर पोसतं त्या नायट्रेट-फॉस्फेटची टेस्ट. नायट्रेट साधारण 5 ते 10 पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या आसपास असलं की मला ठीक वाटतं. पण एक लक्षात घ्या, माझ्या टँकमध्ये रॉकवर बोटभर लांब केस होते आणि फॉस्फेट टेस्ट शून्य दाखवत होती, कारण पाण्यात आलेलं सगळं ते शेवाळच खात होतं. आकडा आणि डोळ्यांना दिसतंय ते, दोन्ही एकत्र बघायचं. आरओ-डीआयच्या (क्षार काढून शुद्ध केलेल्या) पाण्याचा टीडीएसही (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा, शून्य नसेल तर फिल्टरमधलं रेझिन बदला, नाहीतर दर वेळी पाण्याची भर घालताना आपणच शेवाळाला खायला घालतोय.

हेअर अल्गीसाठी हाताने काढण्याला पर्याय नाही, हे कंटाळवाणं काम आहे पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. पाणी बदलायच्या दिवशी पंप बंद करा, सायफनच्या पाइपच्या तोंडाला जुना टूथब्रश रबरबँडने बांधा, म्हणजे घासलं की सुटलेला तुकडा लगेच पाइपात ओढला जातो, नाहीतर तो तरंगत जाऊन दुसऱ्या रॉकवर रुजतो. सुटा निघणारा रॉक असेल तर टँकच्याच पाण्याच्या बादलीत उपटून काढा आणि मग बाहेर धरून उरलेल्या खुंटांवर 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबथेंब सोडा, कोरलला लागू देऊ नका, फसफसलं की दोन-तीन मिनिटांनी मिठाच्या पाण्यात धुऊन परत ठेवा.

शेवाळ खाणारे स्नेल (गोगलगायी) यानंतर सोडायचे, आधी नाही, कारण लांब केस बहुतेक स्नेल खातच नाहीत, त्यांना आखूड खुंट लागतात. त्यातले ट्रोकस मला आवडतात, उलटे पडले तरी स्वतः सरळ होतात. टँग मासा शेवाळ खातो हे खरं, पण त्याला पोहायला मोठा टँक लागतो, फक्त शेवाळासाठी लहान टँकमध्ये आणून कोंडू नका.

आता मूळ कारण. फ्रोझन फूड वितळवून गाळणीत धुऊनच घाला, फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दोन-तीन दिवसांनी बदला, फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरचा कप घासा, लाइट 8 तासांवर आणा आणि त्यातला पांढरा-लाल रंग कमी करा. सम्पमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) जागा असेल तर कीटो (पोषकद्रव्यं शोषून घ्यायला मुद्दाम वाढवायचं शेवाळ) लावा आणि त्याचा लाइट रात्री चालू ठेवा, त्यामुळे रात्री घसरणारा पीएचही सावरतो. जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) वापरणार असाल तर सांगितलेल्यापेक्षा कमी मात्रेने सुरुवात करा, फॉस्फेट एकदम खाली आलं की शेवाळाआधी कोरल पांढरे पडायला लागतात.

डायनोचं सगळं उलटं आहे! नायट्रेट-फॉस्फेट शून्याला टेकले की बऱ्याचदा तेच डोकं वर काढतात. तेव्हा जीएफओ काढून टाका, पाणी बदलणं थांबवा, दोन्ही आकडे हळूहळू वर आणा. काही डायनो रात्री पाण्यात तरंगतात, त्यांच्यावर यूव्ही (अतिनील) दिवा चांगला चालतो. स्नेल एकामागून एक मरत असतील तर तीही डायनोची खूण असू शकते, काही जाती विषारी असतात.

एका वेळी एकच बदल करा, तारीख लिहून ठेवा आणि निदान दोन आठवडे थांबा, पूर्ण साफ व्हायला दोन महिनेसुद्धा लागतात. घासलेल्या रॉकवर हिरव्याऐवजी कोरलाइनचे (हे चांगलं, कठीण थराचं शेवाळ) गुलाबी-जांभळे ठिपके दिसायला लागले की समजायचं गाडी रुळावर आली, आणि मग लाइटचे तास हळूहळू परत वाढवायला हरकत नाही.