उथळ मुरमाड जमिनीत पीक करपतंय? या चुका टाळा

पाऊस थांबून आठवडा झाला की खालच्या काळ्या रानातलं पीक अजून हिरवंगार असतं आणि आपल्या माळाच्या पट्टीतली बाजरी दुपारी माना टाकायला लागते, मग घरातलं कुणीतरी म्हणतंच की जमीनच भिकार आहे. मला हे ऐकलं की खरंच वाईट वाटतं. माण-खटाव, आटपाडी, सांगोला, पारनेर, पुरंदर, कुठंही जा, असल्याच जमिनीवर लोकांनी पिढ्यान् पिढ्या संसार केलेत, सांगोल्याचं डाळिंब आणि पुरंदरचं सीताफळ-अंजीर काय भारी काळ्या रानातून आलेलं नाही. जमीन वाईट नसते, तिचं पोट लहान असतं, आणि आपण तिला भारी रानासारखं वागवायला जातो तिथंच सगळं बिघडतं.

पोट लहान का, तर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर साचले, ते पुढं झिजून डोंगरांना पायऱ्या पायऱ्यांचा आकार आला. या थरांच्या खडकाला दख्खन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दसुद्धा स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरनंच आलाय. या पायऱ्यांवर माती टिकत नाही, दर पावसात थोडी थोडी ओढ्याला जाते, म्हणून खाली नदीकाठी पुरुष-पुरुष खोल काळी आणि वर माळावर वीतभर तांबूस माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली मांजऱ्या म्हणजे मऊसर खडक, नाहीतर थेट काळा पाषाण.

आता पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे खोली न बघता पीक ठरवणं. गट नंबर एक असला म्हणून जमीन एक नसते, एकाच पट्टीत बांधाकडं दीड फूट आणि वरच्या अंगाला चार बोटं माती असते. एकरात चार-पाच ठिकाणी पहारीनं खड्डे घ्या, मुरूम किती इंचावर लागतो ते लिहून ठेवा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मग साधा हिशेब करा. वीतभर म्हणजे नऊ इंच माती, त्यात साधारण चाळीस टक्के खडेगोटे, म्हणजे पिकाला उचलता येईल असं पाणी त्यात जेमतेम २० मिलिमीटर मावणार, आणि भर वाढीतलं पीक दिवसाला ४-५ मिलिमीटर पितं. म्हणजे चार-पाच दिवस, बास. खालच्या मुरमाच्या भेगांतून मुळ्या थोडं ओढतात म्हणून अजून दोन-चार दिवस निघतात, पण ऑगस्टमधे पंधरा दिवसांची उघडीप पडली की तिथं कपाशी किंवा सोयाबीन काय करणार? वीतभर मातीत मटकी, हुलगा, कारळा घ्या, दीड फुटाच्या आसपास खोली असेल तर बाजरी आणि तूर दोनास एक ओळ, आणि जिथं चारच बोटं माती आहे तिथं गवत राहू द्या, त्यातच जनावरांचा फायदा आहे.

पाणी देतानाही हेच. एकदाच मोटर सोडून पाटपाण्यानं रान तुडुंब भरायचं आणि मग बारा दिवस बघायचं नाही, असं केलं की अर्धं पाणी मुरमातून खाली जातं, आणि जाताना युरियातला नत्र पण घेऊन जातं, आठ दिवसांनी पीक परत तहानलेलं आणि पिवळं. लहान पोटाच्या लेकराला जसं थोडं थोडं भरवतो तसं द्या, ठिबक असेल तर रोज किंवा दिवसाआड थोडा वेळ, आणि नत्राचे हप्ते दोनाचे चार करा.

सपाटीकरणाची चूक मात्र जरा सविस्तर सांगतो कारण ती आमच्या घरात झालीये. आमची वरची पट्टी उताराची होती, मशीन लावलं, दोन दिवसात वरची बाजू कापून खाली ढकलली आणि रान टेबलासारखं झालं, बघायला इतकं छान की आबा संध्याकाळी तिथंच बांधावर बसून राहिले. पुढच्या खरिपात कळलं काय झालं ते. खालच्या निम्म्यात बाजरी छातीएवढी, वरच्या निम्म्यात गुडघ्याला पण लागेना, कारण तिथली सगळी जिवंत माती खालच्या भरावात गाडली गेली होती आणि वर उघडा मुरूम. वीतभर माती तयार व्हायला हजारो वर्षं लागतात आणि ती दोन दिवसात पुरली गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. करायचं असं असतं: आधी वरची माती खरवडून एका बाजूला ढीग लावायचा, मग मुरमाची कापाकापी करून टप्पा पाडायचा, आणि शेवटी तीच माती परत सगळीकडं सारखी पसरायची. मशीनचे तास वाढतात, मशीनवाला कुरकुर करतो, तरी ठाम राहा. आणि टप्प्याला सांडवा ठेवा, दगडानं बांधलेला, नाहीतर एका मोठ्या पावसात ताल म्हणजे टप्प्याचा बांध फुटतो आणि पसरलेली माती खालच्याच्या शेतात.

माती कमी म्हणून तलावातला गाळ आणून टाकतात, चांगलंच आहे, पण आधी हिशेब करा. एका एकरात एक इंचाचा थर द्यायला साधारण ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) गाळ लागतो. चार ट्रॉल्या एकरभर उधळून काही फरक दिसणार नाही, त्यापेक्षा दहा गुंठ्यांतच नीट द्या, पुढच्या वर्षी पुढचे दहा गुंठे. गाळ खारवट नाही ना, चुनखडीचा नाही ना हे आधी तपासून घ्या आणि उन्हाळ्यातच टाकून कुळवानं मातीत मिसळा, नुसता वर थापून ठेवला की त्याची पापडी होते आणि पाणी वरनंच पळतं.

आता फळबागेचा खड्डा. मी बघितलेल्या वाळलेल्या बागांत ही एक गोष्ट परत परत दिसते. भेगा नसलेल्या कठीण मुरमात दोन बाय दोन फुटांचा खड्डा खणायचा आणि "माळावर काळी माती भरली की झाड जोमात येतं" म्हणून त्यात नुसती भारी काळी माती ठासायची. हे झालं दगडाच्या रांजणात चिखल भरल्यासारखं. पावसाळ्यात पाणी खड्ड्यात उतरतं, बाजूनं आणि खालून जायला वाट नाही, मुळ्या गुदमरतात, डाळिंबाला मर लागायला याच्याएवढं सोयीचं दुसरं काही नाही. उन्हाळ्यात उलटं, काळी माती आकसून कडेला भेग पडते आणि मुळ्या भिंतीला आपटून गोल गोल फिरत राहतात.

म्हणून लागणीआधी एक टेस्ट कराच. खड्डा संध्याकाळी पाण्यानं भरा, सकाळी जाऊन बघा. पाणी जिरलेलं असेल तर ठीक, तसंच उभं असेल तर तळाला आणि भिंतींना पहारीनं भेगा पाडा, नाहीतर सुटे खड्डे सोडून समतल रेषेवर सलग चर काढा म्हणजे पाण्याला एका बाजूनं निघायला वाट राहील. भरताना खणलेल्यातलाच बारीक मुरूम आणि चांगली पोयटा माती निम्मी निम्मी, त्यात कुजलेलं शेणखत आणि सिंगल सुपर फॉस्फेट, आणि भरण जमिनीच्या वर थोडं उंच ठेवा कारण ते नंतर बसतं. खड्डे एप्रिल-मे मधे खणून उन्हात तापू द्यावेत. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला अजैविक ताण (म्हणजे दुष्काळ, उष्णता असले ताण) व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, २००९ ला सुरू झालेली, तिची जागाच अशी खडकाळ माळाची आहे आणि तिथं खडक फोडून फळबागा उभ्या केल्यात. जमलं तर एकदा जाऊन या, वाचून कळत नाही ते डोळ्यांनी कळतं.

माती परीक्षणाच्या रिपोर्टमधे पण एक गफलत असते, फार कमी लोक सांगतात. लॅबमधे २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळलेली मातीच तपासतात, खडे बाजूला जातात, आणि हेक्टरी इतके किलो हा आकडा येतो तो सगळी मातीच आहे असं धरून. तुमच्या रानात निम्मे खडे असतील तर खरा साठा निम्माच समजा. नमुना देताना एक पाटी माती घरी चाळून खडे आणि माती वेगवेगळी तोला, मग तो आकडा वाचा.

पानं पिवळी दिसली की लगेच युरिया, हे पण थांबवा. कोवळी शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण, मुरमातल्या चुनखडीमुळे लोह मातीत असून पिकाला मिळत नाही, खोल नांगरट करून खालचा पांढरा मुरूम वर आणला की हे हमखास वाढतं. जुनी खालची पानं पिवळी पडत असतील तेव्हा नत्राचा विचार करा. लोहासाठी १०० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम फेरस सल्फेटची फवारणी, सकाळी नाहीतर ऊन उतरल्यावर, जमिनीतून नुसतं टाकलेलं तिथंच अडकून बसतं.

दगड सगळे वेचू नका. कुळवाला अडतात तेवढे मोठे काढून तालीला लावा, बारीक गोटे राहू द्या, ते खालची ओल उडू देत नाहीत आणि पावसाचा थेंब मातीवर थेट आपटू देत नाहीत. शेततळं करणार असाल तर मुरमात प्लास्टिक अस्तराशिवाय पाणी थांबत नाही, ते पैसे आधीच बाजूला काढा.

आमच्या त्या वरच्या निम्म्या पट्टीत आम्ही तीन वर्षं लागोपाठ हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून गाडला, गोठ्यातलं सगळं शेणखत तिकडंच वळवलं, खालच्या बाजूला मुद्दाम काही दिलं नाही. बाजरी अजून खालच्याइतकी येत नाही. हुलगा मात्र आता दोन्हीकडं सारखा दिसतो, आणि मुरूम जिथं नुसता उघडा होता तिथं चार बोटं खोल गेलं तर आता गांडुळं सापडतात.